माइल्ड तंबाखूनं जीभ का भाजते
पाइपचा तंबाखू माइल्ड आहे तर जीभ का भाजते, असं एकानं विचारलंय. राव, माइल्ड म्हणजे फक्त निकोटिन कमी, चटका पण कमी असेल असं काय नाही. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर लई असते, भराभर ओढलं की गरम वाफ सरळ जिभेवर. मी पण नांदेडला सुरुवातीला सिगारेटीसारखे झुरके मारायचो, दोन दिवस साधं वरण पण झोंबायचं. आता ब्लॅक कॅव्हेंडिश (वाफवून काळा केलेला तंबाखू) जास्त असलेलं मिश्रण घेतो, वास गुळाच्या पाकासारखा, चव मात्र वासाच्या निम्मी पण नाही (कॅन्सरचा धोका तेवढा तसाच राहतो, तो माइल्डनं टळत नाही). पाकिटातलं ओलसर असतं, भरायच्या आधी जरा कागदावर पसरायचं, पण मे महिन्यात आपल्याकडं पंख्याखाली ठेवून विसरलात की पार भुगा. पाइप खाली सैल, वर जरा दाबून भरा आणि विझला तर विझू द्या, परत पेटवायचा.