कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गावाला विचारायचं का?

वावरातला: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीची प्रश्नावली आधी मराठीत छापा, ग्रामसभेत वाचा आणि लोकांच्या सूचना घ्या, असं माझं म्हणणं आहे. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन मजूर दगावले. त्यानंतर २०१९-२१ ची फेरी झाली. चूल कशावर पेटते, संडास कसा, दारू पिता का, सगळं विचारलं. फवारणीचं एक अक्षर नाही.

आकडेमोड: पटलं नाही. त्या फेरीत ७०७ जिल्हे आणि सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. त्यात फवारणी बाधलेले दोन-तीन सापडले, तर त्यावरून जिल्ह्याचा आकडा काढणार? ते काम दवाखान्याच्या नोंदवहीचं. आणि ग्रामसभेत सूचना मागा, सरपंचाच्या गोटातल्याच येतील. शिवाय प्रश्न बदलले की मागच्या फेऱ्यांशी तुलना गेली.

वावरातला: तुलनेचं तुम्ही नका सांगू! १५ ते ४९ वयाच्या बायांमधला रक्तक्षय देशात ५३ वरून ५७ टक्क्यांवर गेला, अन् त्यानंतरच्या, २०२३-२४ च्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणीच काढली. तेव्हा काऊन नाही आठवली तुलना?

आकडेमोड: बोटाच्या थेंबाचा आणि शिरेतल्या रक्ताचा आकडा जुळत नाही, म्हणून ते काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे गेलं. यावर गावाचं मत घेऊन काय करणार?

आशा सेविका, अकोट तालुका: तुमचं दोघांचं भांडण कागदावरचं. महाराष्ट्रात ती फेरी २०१९ च्या जून ते डिसेंबरात झाली. म्हणजे पेरणी, निंदण, वेचणी, सगळं त्यातच आलं. वेचणीला गेलेली बाई दिवसा घरी सापडत नाही. दिवेलागणीला येते तेव्हा चूल पेटवायची असते, पोरं अंगावर, सासू ओसरीवर. नवऱ्यानं हात उचलला का, हाही प्रश्न त्यात आहे. तो बाई एकटी असेल तरच विचारायचा असा नियम आहे, चांगला आहे. पण दोन खोल्यांच्या घरात एकटी बसवायची कुठं? मग तो प्रश्न राहूनच जातो, नाहीतर बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. लोकांना विचारायचंच तर हे विचारा: कधी यायचं, कुठं बसायचं.

वावरातला: ताई, मग हेच ग्रामसभेत मांडा ना.

आशा सेविका, अकोट तालुका: ग्रामसभेत बाया सही करून मागं बसतात. बचत गटाच्या बैठकीत विचारा, तिथं बोलतील.

आकडेमोड: वेळेच्या सूचना घ्यायला माझी ना नाही. पण वऱ्हाडातल्या वेचणीसाठी फेरी थांबवली, की कोकण भातलावणीसाठी थांबवा म्हणेल. प्रत्येकाचा हंगाम सांभाळत सर्वेक्षण होत नसतं.

वावरातला: थांबवू नका. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी या, झालं.

आशा सेविका, अकोट तालुका: भाऊ, संध्याकाळी सासू ओसरीवरच असते, आताच तर लिहिलं.