वाघ म्हणे पाहुणे, आणि २० टक्के जमीन म्हणे 'अडकली'

फोंडेकर
कालपासून एक पोस्ट फिरतेय, इथे पण दोघातिघांनी आणून चिकटवली म्हणून इथेच उत्तर लिहितो. पोस्टचा सूर असा की गोव्याची २० टक्के जमीन अभयारण्यांत अडकून पडलीय, ना रस्ता करता येत ना धंदा, आणि वाघ म्हणाल तर ते कर्नाटकातले पाहुणे, आज आले उद्या गेले, त्यांच्यासाठी व्याघ्र प्रकल्प कशाला. खाली "एकदम करेक्ट" म्हणणाऱ्यांची रांग.

आकडा बरोबर आहे हो. कोटीगाव, नेत्रावळी, मोले, बोंडला, म्हादई आणि चोडणचं ते पावणेदोन चौरस किलोमीटरचं सलीम अली, सगळं धरून ७५५च्या आसपास, आणि अख्खा गोवा ३,७०२. पण 'अडकली' म्हणजे काय? सह्याद्रीचा उतार आहे तो, पर्वरीतला प्लॉट नव्हे. खांडेपार नदीचं पाणी मोल्याच्या रानातून उतरतं, त्या पाण्यावर ओपाचा पाणीप्रकल्प, आणि ओपावर फोंडा-तिसवाडीचे नळ. साळावलीच्या धरणामागचं रान नेत्रावळीचं. "एकदम करेक्ट" लिहिणाऱ्यांनी सकाळी दात कुठल्या पाण्याने घासले ते बघा जरा.

आता पाहुणे. जानेवारी २०२० मध्ये म्हादईतल्या गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले. पाहुणी पोराबाळांसकट आलेली का? त्याआधी २००९ ला केरीला वाघ मारला तोही पाहुणाच असणार. पलीकडे कर्नाटकात भीमगड, खाली काळी, वर महाराष्ट्रात तिळारी, रान एकच आहे, वाघाला चोर्ल्याच्या नाक्यावर गाडीचे कागद दाखवावे लागत नाहीत. राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाने २०१६ लाच प्रकल्प करा म्हणून सांगितलेलं. हायकोर्टाने २४ जुलै २०२३ ला प्रकल्प जाहीर करायला तीन महिन्यांची मुदत दिली, आणि सरकार धावत गेलं सुप्रीम कोर्टात. एवढी धावपळ पाहुण्यांसाठी कोणी करतं का?

सत्तरीचो
फोंडेकर बाब, छान लिहिता. फोंड्यात बसून आमच्या सत्तरीतली म्हादई छानच दिसते.

तुम्ही २०१६, २०२३ सांगितलं, १९९९ का गाळलं? म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यं झाली तेव्हा गोव्यात राष्ट्रपती राजवट होती, जेकब साहेब राज्यपाल, निवडून आलेला एकही माणूस खुर्चीत नव्हता. आम्हाला कोणी विचारलं नाही. आजोबांनी लावलेली काजूची झाडं आज मी वेचतो, पण वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, आमचं नाव शोधून दाखवा. वनहक्काचा दावा घातला, माणसं येऊन मोजून गेली, कागदात त्रुटी निघाली, ती भरली, मग फाइल सापडेना, मग सापडली तर साहेब बदललेला. वडील तेवढ्यात गेले. आणि तुम्ही आम्हाला ओपाचं पाणी सांगताय. पाणी तुम्हाला येतं बाब. आमच्या वाड्यावर एप्रिलात टँकर येतो.

चोडणची पक्षीण
सत्तरीचो, तुमच्या दाव्यांबद्दल पूर्ण सहानुभूती, हे खरंच म्हणतेय. पण मार्च २०२३ विसरायचा का? म्हादईचे डोंगर दिवसेंदिवस जळत होते, नौदल-हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. काजूसाठी खालचं झुडूप साफ करायला आग लावतात हे सत्तरीत शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे.

सत्तरीचो
आलात ना काजूवर! वाटच बघत होतो.

मॅडम, बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पडतो कधी? फेब्रुवारी ते मे. मार्च म्हणजे ऐन हंगाम. स्वतःच्या झाडाखाली बी पडलेली असताना तिथेच काडी टाकणारा माणूस मला दाखवा, त्याच्या पायावर डोकं ठेवतो. साफसफाई आधी होते, डिसेंबर-जानेवारीत, पाला ओढून ढीग करतात आणि सकाळचं दंव असताना जाळतात, बाजूला माणूस उभा राहून. पक्षी बघायला ज्या महिन्यात येता त्याच महिन्यात येऊन बघा.

चोडणची पक्षीण
चालू झाडांखाली कोणी लावत नाही हे मान्य. पण पुढच्या वर्षी काजू आणखी वर सरकवायची असेल तर? शेजारचं रान जळालं की तिथे रोपं. दर पावसाळ्यानंतर काजूची रेघ डोंगरावर थोडी वर गेलेली दिसते, मला नुसत्या डोळ्यांनी दिसते.

सत्तरीचो
नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्यांनीच आमचा सत्यानाश केला.

हुर्राकप्रेमी
दोघांनाही विनंती, काजूला नावं ठेवू नका. काजूच्या फेणीला २००९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय.

फोंडेकर
जीआयचा इथे संबंध काय? आणि विषय निघालाच आहे तर, काजू हे रानाचं झाड नाहीच मुळी, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. किंदळ-माट्टीसारख्या रानझाडांच्या जागी काजू उभी करून त्याला जंगल म्हणायचं हा विनोद आहे.

सत्तरीचो
मिरची पण पोर्तुगीजांनीच आणली बाब. आज दुपारी हुमणात, माशाच्या कालवणात, काय घातलंत?

हुर्राकप्रेमी
😂😂 फोंडेकर औट.

माजी पावणीवाला
बाहेरची माणसं काजूवर बोलतात तेव्हा गंमत वाटते. आमच्या घरात फेणीची भट्टी होती, पावणीत, म्हणजे लिलावात, काजूचे झोन घ्यायचो, त्यामुळे कुठल्या डोंगरावर किती बोंडू हे तोंडपाठ. आज पोरं बी तेवढी घेतात आणि बोंडू तिथेच टाकतात कारण मळायला माणूस नाही. बोंडू कुजला की वास सुटतो, वासाला गवे येतात, गवे आले की शेजारच्या कुळागरात, नारळ-सुपारीच्या बागेत, शिरतात, आणि मग म्हणायचं अभयारण्यामुळे जनावरं वाढली. जनावरं वाढली नाहीत, आपला आळस वाढला.

काणकोणकर
आळस?? कोणाचा आळस? माझ्या कुळागरात या एक दिवस. माकडं कोवळे नारळ फोडून पाणी पिऊन खाली फेकतात, केळीचा घड पिकेपर्यंत ठेवायची सोय नाही, सुपारीत रानडुकरं, भातात गवे. गवा राज्यप्राणी म्हणून त्याला हात लावायचा नाही. नुकसानभरपाईचा फॉर्म भरला तर फोटो मागतात, गव्याने भात खाल्ल्याचा फोटो, रात्री दोनला! २०१६ ला मंत्र्यांनी मोर उपद्रवी ठरवायची भाषा केली तर देशभर बोंब झाली, मोर राष्ट्रीय पक्षी म्हणून. राष्ट्रीय पक्ष्याने माझी वालीची शेंग खाल्ली तर मी राष्ट्रगीत म्हणू का?

आणि हो, मी अभयारण्याच्या विरुद्ध नाही. कोटीगाव १९६८ पासून आहे, आमचे वेळीप समाजाचे लोक अजून वाघ्रोला, वाघदेवाला, नारळ ठेवतात, वाघाची भीती आम्हाला शिकवू नका. आम्हाला भीती कुंपणाच्या खर्चाची आहे.

मांद्रेकर
सगळं डोंगराचंच चाललंय. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, चार किनारे कासवांसाठी राखलेले. रात्री दिवे नकोत आवाज नको असा नियम. मांद्र्याला डिसेंबरात रात्री येऊन कान देऊन बघा. त्याबद्दल एक पोस्ट नाही कोणाची.

हुर्राकप्रेमी
तुम्ही टाका की.

मांद्रेकर
टाकली होती. दोन लाइक, त्यातला एक माझ्या बायकोचा.

विकास हवाच
मूळ पोस्ट मी शेअर केली होती म्हणून लिहितो. इथे सगळे माकडं, मोर आणि कासवं करत बसलेत. मुद्दा साधा आहे. मोल्यातून रेल्वे दुपदरी नको, ४०० केव्हीची लाइन नको, रस्ता रुंद नको, खाण नको, मग पोरांनी करायचं काय, शॅकवर वेटर? २०१४ ला सुप्रीम कोर्टाने अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटर खाण बंद केली तेव्हा माझा मेहुणा ट्रक विकून बसला. त्याची झळ तुम्हाला नाही लागली.

फोंडेकर
मेहुण्याचं वाईट वाटतं, खरंच. पण खाणी २०१२ ला बंद पडल्या त्या वाघामुळे नाही, लीजच्या भानगडींमुळे. २०१८ ला परत पडल्या, तेही लीजमुळेच. आणि दुपदरी रेल्वे कोळशासाठी होती हे वास्कोवाल्यांना विचारा, त्यांच्या खिडकीच्या गजांवर बसतो तो कोळसा. मोल्यातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली, वन्यजीवांवरच्या परिणामांचा अभ्यास आधी व्हायला हवा असं सांगूनच केली ना?

विकास हवाच
म्हणजे तुम्हाला जे पटेल ते कोर्ट बरोबर, खाणीचं पण बरोबर, वाघाचं पण बरोबर. सोयीचं आहे.

फोंडेकर
आणि तुम्हाला कुठलंच नाही. तेही सोयीचंच.

कुळेचो जीपवाला
दूधसागर कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. आमच्या गावाची चूल त्या मोल्याच्या पार्कावर पेटते. पावसात जीप बंद, मान्य, ओहोळाला पूर असतो. पण २०२३ च्या जुलैत मयनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यातल्या धबधब्यांवर सरसकट बंदी घातली, चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला. पार्क हवाच, पार्क नसता तर दूधसागरच्या डोक्यावर एव्हाना हॉटेल असतं. पण पार्कात आम्ही पण आहोत हे नियम करणाऱ्याला दिसत नाही. आमचं ऐकायला कोणी येत नाही, सेल्फीवाल्यांच्या रीलवर मात्र मिटिंगा होतात.

चोडणची पक्षीण
सत्तरीचोंना विचारायचं राहिलं. समजा उद्या तुमचे दावे सुटले, जमिनीच्या हक्काची सनद हातात आली, तर व्याघ्र प्रकल्पाला तुमचा विरोध राहील का? हो की नाही.

सत्तरीचो
कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नका. प्रकल्प म्हणजे कोअर, म्हणजे फक्त वाघासाठी राखलेला आतला भाग, आणि कोअर म्हणजे माणूस बाहेर, असं आम्हाला ग्रामसभेत सांगितलं गेलं.

फोंडेकर
सांगणारे कोण ते बघा. कायद्यात स्थलांतर ऐच्छिक आहे, ग्रामसभेची संमती लागते, लेखी आहे. आणि २०२३ च्या ज्या निकालाला सगळे शिव्या घालतात त्यातच कोर्टाने म्हटलंय की आदिवासींचे आणि बाकी वनवासींचे हक्क शक्यतो १२ महिन्यांत ठरवा. म्हणजे तुमचा मुद्दा त्याच कागदात आहे. सरकारने कागदाला आव्हान दिलं, वाघ अडवला, आणि तुमचा दावा होता तिथेच राहिला. मग तुम्ही चिडताय माझ्यावर!

सत्तरीचो
अंजुणे धरणात गावं गेली तिथल्या नातेवाइकांकडून आम्ही 'लेखी आहे' पुष्कळ ऐकलंय.

तरी १२ महिन्यांचं मला माहीत नव्हतं, म्हणजे ग्रामसभेत कोणी ते पान वाचलं नाही. वाघाचं पान तेवढं मोठ्याने वाचलं.

काणकोणकर
त्यांनी माकडांचं पान पण वाचलं नसणार.

सत्तरीचो
काणकोणकर दादा, माकडं थांबवा जरा. फोंडेकर बाब, एवढं कायद्याचं कळतं तर निकालातलं ते पान मराठीत करून द्या, पुढच्या ग्रामसभेत मीच वाचतो. माझं म्हणणं तेच आहे, अगोदर सनद मग वाघ. पण कोणी वाचायचं अडवलं तर कोण अडवतो ते तरी गावाला दिसेल.

फोंडेकर
रविवारपर्यंत देतो. आणि काजूचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, आधीच सांगून ठेवतो.

सत्तरीचो
घेऊ नका. मिरचीपण खाऊ नका.