गिरणगाव आणि मर्टन: कोंडी सगळ्यांची झाली, मग टोळीत थोडेच का गेले?

सानिका_करीरोड
टी.वाय.ला समाजशास्त्र आहे. रॉबर्ट मर्टनचा १९३८ चा ताण सिद्धांत शिकतोय. समाज पैसा आणि प्रतिष्ठा हे ध्येय सगळ्यांपुढे ठेवतो, पण तिथवर जायचे सरळ मार्ग सगळ्यांना देत नाही. त्या कोंडीतून गुन्हा घडतो, असं त्याचं म्हणणं. नोट्समधली उदाहरणं सगळी अमेरिकेतली. माझे आजोबा मुंबईत कापडगिरणीत होते, ८२ च्या संपात नोकरी गेली. हे गिरणगावाला लागू पडतं का? पडत असेल, तर अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरात कुणीच गुंड झालं नाही, ते कसं? आजोबांना विचारलं की ते विषय बदलतात. सबमिशन आहेच, पण मला स्वतःलाही हे समजून घ्यायचंय.

लालबागचा_मास्तर
सानिका, मी लालबागच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. पुढे कॉलेजात हाच विषय शिकवला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मर्टन समजायचा तर नोकऱ्या गेल्या यापेक्षा वाट बंद झाली, याकडे बघ. आमच्याकडे मुलगा मॅट्रिक पास होवो की नापास, बाप नाहीतर गावाकडचा कुणी जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, त्याला गिरणीच्या गेटवर उभा करायचा. आधी बदली कामगार, रोज सकाळी जाऊन काम मिळतंय का बघायचं, मग कधीतरी कायम. श्रीमंती नव्हती यात. पण दिवाळीला बोनस, गावाला मनीऑर्डर, लग्न जमण्याइतकी पत, हे सगळं त्या गेटातून यायचं. ते गेट मिटलं. आणि त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला! चाळीत एकाच्या घरी सेट, दारात सगळी पोरं. हवंसं वाटणाऱ्या गोष्टी वाढल्या आणि त्या मिळवायचा रस्ता गेला, दोन्ही एकदम. नुसत्या गरिबीने गुन्हा होतो असं मर्टन म्हणतच नाही. आमची कोकणातली गावं गिरणगावापेक्षा गरीब होती, तिथे टोळ्या नव्हत्या.

अशा कोंडीत माणूस धरतो त्या पाच वाटा मर्टनने सांगितल्यात. परीक्षेत त्या ओळीने लिहितात, मला त्या माणसांच्या चेहऱ्यांनी आठवतात. बहुतेकांनी मुकाट कष्ट केले. कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी रखवालदार झाला, कुणी भिवंडीच्या पॉवरलूमवर गेला. काम तेच, पगार कमी, संरक्षण शून्य. काहींनी मोठं काही मिळण्याची आशा सोडली, पण शिस्त सोडली नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका संपानंतरही कितीतरी दिवस पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून तयार व्हायचे. काही दारूत गेले. काही युनियनमध्ये राहिले, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आणि थोड्यांनी ध्येय तेच ठेवून रस्ता बदलला. टोळीतली पोरं ती.

थोडीच का, याचं उत्तर मर्टनकडे पुरेसं नाही. ते रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन यांनी १९६० मध्ये दिलं: बेकायदा मार्गसुद्धा सगळ्यांना खुला नसतो. तिथेही ओळख लागते, शिकवणारा लागतो, घेणारा लागतो. गिरणगावात तो होता. दारूबंदीच्या काळापासून हातभट्टी होती, साठच्या दशकापासून मटका होता, आकडे घेणारा नाक्यावरच बसायचा. टोळीचा अड्डा असलेली भायखळ्याची दगडी चाळ लालबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्याची उठबस त्या नाक्यावर, त्याला बोलावणं यायचं. तोच मुलगा, तोच राग, पण आईबरोबर चिपळूणला परत गेला असता तर त्याला कोण बोलावणार होतं?

एका बाबतीत मात्र मी या सगळ्यांशी भांडतो. हे सिद्धांत खालून येणारं दडपण बघतात, वरून येणारी मागणी बघत नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनी विकायचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर कापडापेक्षा जमीन मोलाची झाली. ७ मे १९९४ ला गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला गोळ्या घातल्या, १६ जानेवारी १९९७ ला ८२ च्या संपाचे नेते दत्ता सामंतांना पवईत. जिथे जमिनीला असा भाव येतो, तिथे धाक घालणारी माणसं कुणाला तरी हवी असतात. बेकार पोरगा स्वस्तात मिळतो. सबमिशनमध्ये एवढं एक तरी लिहीच.

खात्यातून_निवृत्त
मास्तर, बरंचसं पटलं. मी मध्य मुंबईत पोलिसात होतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. पहिली: हप्ता कुणाकडून घेतला जायचा? त्याच चाळीखालच्या वाण्याकडून, त्याच गल्लीतल्या केबलवाल्याकडून. कोंडी त्यांचीही झाली होती. ज्यांनी मार खाल्ला त्यांना या सिद्धांतात जागा द्या.

दुसरी गोष्ट आमच्या बाजूची. पोरगा एकदा मारामारीत उचलला गेला आणि नाव रजिस्टरला लागलं की पुढे गणपती आले, निवडणूक आली, की त्याला आणून बसवायचं. नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागितला की संपलं. उरलेली वाटही अशी बंद व्हायची, आणि टोळी तेव्हा वकील देऊन सोडवून न्यायची. त्यातले काही पुढे चकमकीत गेले. पंचनाम्याला उभा राहिलोय मी, मिसरूड फुटलेली पोरं होती.

परळची_वैशाली
सगळे पोरांबद्दलच बोलताय. बहिणींचं काय? घर तेच, कोंडी तीच, उलट जास्तच. माझी आई खानावळ चालवायची. गावाहून एकटे आलेले गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे. संपात त्यांच्याकडे पैसे नव्हते, तरी तिने ताट बंद केलं नाही. दागिने गहाण पडले. अशाच खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये काढली होती, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे बायकांनीही नवी वाट काढलीच, पण सावकाराच्या तावडीतून सुटायची.

आम्हा मुलींची शाळा आधी सुटली, भावाची नंतर. कुणी घरकामाला, कुणी पॅकिंगला, कुणाचं घाईघाईत लग्न. आम्हाला राग नव्हता असं नाही. नाक्यावर उभं राहायला कुणी दिलं नाही आणि टोळीला आम्ही नको होतो. तो राग आम्ही गिळला, त्याने माणसं आजारी पडली. त्याची नोंद कुठल्या ठाण्यात होणार?

लालबागचा_मास्तर
वैशालीताई, हे फार महत्त्वाचं आहे. सानिका, यासाठी रॉबर्ट ॲग्न्यू वाच, १९९२. ध्येय हुकणं हा ताणाचा एकच प्रकार झाला, असं तो म्हणतो. असलेलं हिरावलं जाणं आणि रोज अपमान सोसणं हेही ताणच. त्यातून कुणाला संताप येतो, कुणाला खिन्नता, आणि पुढचं त्यावर ठरतं. बाप घरी बसलेला बघणं हा आमच्या पिढीचा ताण होता.

सानिका_करीरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. पण आजोबांना विचारू कसं? गुंडांचं नाव काढलं की ते उठून जातात.

लालबागचा_मास्तर
गुंडांबद्दल विचारूच नकोस. ते कुठल्या खात्यात होते, गेटवर पहिल्यांदा कुणी उभं केलं, तुझ्या बाबांसाठी कुणाशी बोलून ठेवलं होतं, हे विचार. आणि आजीशी वेगळी बोल, आजोबा बाहेर गेले असताना. संपाच्या काळात घरात पैसे कुठून यायचे, ते तिलाच माहीत असेल.