अनुभव धागा : १ नोव्हेंबर तुमच्या घरी कसा असतो? सीमाभागातल्यांनी लिहा

मी मूळची बेळगावची, शहापूर भागातली, आता लग्नानंतर पुण्यात. इथे ऑफिसात कुणी विचारलं की गाव कुठलं आणि बेळगाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे तुम्ही कानडी का?" मग मला १९५६ पासून सुरुवात करावी लागते. राज्य पुनर्रचना कायदा आला, भाषेवर प्रांत करायचे ठरलं आणि मुंबई राज्यातला आमचा जिल्हा चंदगड तालुका तेवढा वगळून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. १ नोव्हेंबर १९५६. तेव्हापासून तो दिवस आमच्याकडे काळा दिन.

२००५ साली लक्ष्मीपूजनच १ नोव्हेंबरला आलं होतं. आईनं दाराला झेंडू लावला, रांगोळी घातली, आणि बाबा सकाळी दंडाला काळी फीत बांधून सायकल काढून निषेध फेरीला गेले. दुपारी आले तेव्हा शर्ट घामानं भिजलेला, आवाज बसलेला. आई म्हणाली संध्याकाळी पूजेला तरी फीत काढा. बाबांनी काढली नाही. तसेच पाटावर बसले, वह्यांना हळदकुंकू लावलं. मला लहानपणापासून वाटायचं की सगळ्यांच्याच घरी हे असंच असतं. बाहेर आल्यावर कळलं की नसतं.

म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी कुठलेही असा, तुमच्या घरातलं लिहा. राजकारणी कोण काय म्हणाले ते पेपरात आहेच. आणि कन्नड भाषेबद्दल वाईट लिहू नका प्लीज, भांडण भाषेशी नाहीये, न विचारता आखलेल्या रेघेशी आहे.

*

खानापूर तालुका

ताई, धागा काढलात बरं केलंत. मी शेतकरी आहे, मराठा, पण आमच्या घरात यल्लाप्पा, कल्लाप्पा अशीच नावं चालत आलीत, घरात मराठी आणि बाजारात दोन्ही भाषा, त्यात कुणाला कधी अडचण वाटली नाही. अडचण येते ती कागदावर. आमचा उतारा, पहाणी, सगळं कॉम्प्युटरवर आल्यापासून फक्त कन्नडात निघतं. माझ्या अज्जाचं नाव नागोजी. उताऱ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, बँकेत पीककर्जाला गेलो तेव्हा तिथल्या माणसानं वाचून सांगितलं, "नागेश." आता नागेश आमच्या घरात कुणीच नाही! दुरुस्तीला अर्ज दिला तर अर्जही कन्नडात पाहिजे, मग बाहेर झाडाखाली बसणाऱ्या लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे, त्यानं काय लिहिलं ते पण आपल्याला कळत नाही, नुसता अंगठा दिल्यासारखी सही करायची. मी बी.ए. झालोय. मराठीत. स्वतःच्या जमिनीच्या कागदापुढं मी अडाणी. सात महिने गेले त्यात, पेरणी उसनवारीवर केली.

एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तर त्यांच्या भाषेत सरकारी कागद द्यावेत हे ठरलेलं आहे, आमच्या गावात तर बहुसंख्य मराठी. मोर्चे किती काढले त्याला गणती नाही.

आणि सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाबद्दल लिहितो कारण नव्या पोरांना माहीत नसतं. सेनापती बापट उपोषणाला बसले, मग १९६६ ला आयोग नेमला, ६७ ला अहवाल आला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या असं होतं, आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच, वर जत, अक्कलकोटकडची २४७ गावं कर्नाटकला. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. मला विचाराल तर बरोबरच नाकारला, कारण आमचा सगळा व्यवहार बेळगावशी, दवाखाना बेळगाव, कॉलेज बेळगाव, भाताची पेठ बेळगाव, ते सोडून आम्ही एकटेच तिकडं जाऊन काय करणार. मागणी पहिल्यापासून एकच आहे, गाव हा घटक धरा, भाषा बघा, सलगता बघा आणि लोकांना काय पाहिजे ते विचारा. आंध्र आणि मद्रासची हद्द पाटसकर सूत्रानं अशीच ठरवली की. मग आम्हालाच का नाही?

*

माहेर चंदगड, सासर बेळगावजवळ

माझं माहेर आणि सासर यात तासाभराचं अंतर, पण राज्य दोन. हद्दीवरची शिनोळी ओलांडली की बोर्डाची लिपी बदलते. सासूबाई ७० च्या पुढच्या, त्यांना मराठी सुरेख वाचता येतं, रोज पोथी वाचतात, पण बस स्टँडवर त्या बसचा बोर्ड वाचू शकत नाहीत. प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन कंडक्टरला विचारतात. एकदा मी सोबत होते, कंडक्टर बिचारा चांगला होता, "या अक्का, हीच बस" म्हणाला आणि हात धरून वर घेतलं त्यांना. तरी बसल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "माझ्याच गावाला जायला मला विचारत फिरावं लागतं गं." मला काय बोलावं सुचेना.

मुलगा सीमाभागाच्या कोट्यातून महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला आहे, त्या राखीव जागा आहेत म्हणून जमलं. पण तिकडे हॉस्टेलवर तो "कर्नाटकवाला" आणि इकडे "मराठीवाला". फोनवर हसत सांगतो. मला नाही हसू येत.

*

भालकी, जि. बिदर

बेळगावचं सगळे लिहितात, आमचं थोडं लिहितो. आम्ही निजामाच्या राज्यातले. ५६ ला हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राकडे गेले आणि भालकी, औराद इकडे राहिले. आत्या उदगीरला, काका इथे. एका जिल्ह्यातले लोक एका रात्रीत परराज्यातले झाले. आमच्याकडे मोर्चे फार नाहीत, पण लग्नपत्रिका अजून मराठीत छापतो.

*

जत तालुका, जि. सांगली

मी कन्नड मातृभाषेचा आहे, लिहू की नको असा विचार केला, मग लिहितोय. आमची गावं महाराष्ट्रात, घरात कन्नड. मी जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिकलो, नंतर मराठी शिकलो, आज तुमच्यासारखंच टाइप करतोय. २०१२ ला आमच्याकडच्या ४० गावांनी कर्नाटकात जायचं म्हटलं तेव्हा मुख्य कारण भाषा नव्हतं, पाणी होतं. २०२२ ला तोच विषय परत टीव्हीवर आला, दोन्हीकडचे पुढारी बोलायला लागले आणि आमच्या बस बंद. बॉर्डरवर गाड्यांना काळं फासलं जात होतं. माझी बहीण विजापूरला बाळंतपणाला होती, तीन दिवस मला जाता आलं नाही. खानापूरच्या दादांचं उताऱ्याचं वाचून वाईट वाटलं. नागोजीचा नागेश व्हायला नको होता. आमच्या आज्ज्याचं नाव पण मराठीत लिहिताना असंच काहीतरी वेगळं झालंय.

*

(धागाकर्ती) जतचे दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे, मनापासून आभार. बहीण आणि बाळ बरे आहेत ना?

*

निपाणी परिसर, शिक्षिका

मराठी प्राथमिक शाळेत २२ वर्षं झाली. मी लागले तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या होत्या, यंदा पहिलीत ९ मुलं. आईवडील येऊन तोंडावर सांगतात, बाई, मराठीत शिकून इथं नोकरी नाही, तिकडं गेलं तर इथला म्हणून नाही. घटनेचं ३५० अ कलम म्हणतं की अल्पसंख्य भाषेच्या मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा. मी ते कलम पालकसभेत वाचून दाखवलंय. एक वडील शांतपणे म्हणाले, "कलम बरोबर आहे बाई, पण पोरगा माझा आहे." यावर मी काय उत्तर देणार? त्या पोराला पुढच्या आठवड्यात त्यांनी इंग्लिश मिडियमला घातलं. दाखला मीच लिहिला.

२००४ पासून महाराष्ट्राचा सीमेबद्दलचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्या वर्षी माझ्याकडे पहिलीत असलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना घेऊन शाळेत येतात.

*

बेळगाव, आजोबांच्या वतीने

माझ्या आजोबांना हा धागा वाचून दाखवला, ते सांगतायत तसं टाइप करतेय. ते तेव्हा ९ वर्षांचे होते. १६ जानेवारी १९५६ ला रात्री राज्य पुनर्रचनेबद्दल नेहरूंचं रेडिओवर भाषण झालं, गल्लीत एकाच घरी रेडिओ, ओट्यावर सगळी माणसं. भाषण इंग्रजीत की हिंदीत ते आठवत नाही म्हणाले, पण संपल्यावर कुणी उठलंच नाही हे आठवतं. दुसऱ्या दिवशी शहरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबांच्या आईनं त्यांना धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. आत अंधारात भाताच्या पोत्यावर बसून त्यांनी आवाज ऐकले, त्यांना वाटलं फटाके. संध्याकाळी कडी उघडली तेव्हा आई काहीच बोलली नाही, चूल पेटवली नव्हती, शेजारणीही आपापल्या दारात नुसत्या उभ्या होत्या.

दर १७ जानेवारीला ते हुतात्मा चौकात फूल वाहायला जातात. गुडघे दुखतात म्हणून गेल्या वर्षी मी स्कूटरवर नेलं. येताना म्हणाले, "आम्हाला एकदा तरी विचारायचं होतं गं, गावागावात जाऊन. हो म्हणा, नाही म्हणा, पण विचारायचं."

सत्याग्रहाचं पण सांगायचंय त्यांना, पण आता दमलेत, चहा मागतायत. उरलेलं उद्या टाइप करते.