किनाऱ्याला लागलेला देवमासा पाहिलाय का कुणी?

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर. मागीलदारी न्हाणीच्या चुलीपाशी एक करडा, बुटका 'दगड' पिढ्यान्पिढ्या पडून आहे. त्यावर बसून आजी आंघोळीचं पाणी तापवायची, आता आत्या बसते. आम्ही पोरं त्यावर नारळ आपटायचो. यंदा माझा नऊ वर्षांचा मुलगा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, याला बारीक बारीक भोकं आहेत. हे हाड आहे." आत्या लाकडं आत सारता सारता म्हणाली, "हो, देवमाशाचा मणका. तुझ्या पणजोबांनी आणलान पुळणीवरून."

पंचेचाळीस वर्षं मी हाडावर बसत आलो आणि मला पत्ता नाही!

आत्याने तिच्या सासूकडून ऐकलेलं असं : ऐन आषाढात लागला होता. वासाने वाडीत आठ दिवस कुणाला धड जेवण गेलं नाही. होड्यांना लावायला तेल काढलं आणि उरलेली हाडं घरोघर गेली. एवढंच.

म्हणून हा धागा. देवमासा, डॉल्फिन, कासव, काहीही चालेल. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. फॉरवर्ड नकोत.

आगरातली

२०१५ चा जून, रेवदंडा. मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या. भाऊ पळत आला, "मासा लागलाय, जिता आहे!" निळा देवमासा, ४२ फुटी. फुटांचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. त्या वेळी मला तो उलटून पडलेल्या गलबतासारखा दिसला.

मला त्याचा श्वास आठवतो. कुकरची शिटी व्हायच्या आधी नुसती वाफ सुटते ना, तसा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. आम्ही बायका मनात आकडे मोजायचो. पुन्हा आवाज आला की सगळ्यांच्या तोंडून "आहे, आहे."

पुरुषमाणसं खांदा लावून ढकलत होती. लाट आली की तो जरासा हलायचा, ओसरली की आणखी रुतायचा. एवढ्या जिवाला धरायचं तरी कुठे? कल्ला नाही, खवला नाही, हात ठेवला की सटकतो. नंतर एका अभ्यासकाने समजावलं, की पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर आला की स्वतःच्याच भाराने त्याची फुप्फुसं दबतात, आणि अंगावर चरबीची गोधडी असल्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणजे आम्ही त्याला ढकलत होतो तेव्हा तो आतून भाजत होता.

दिवस उजाडला तेव्हा मेलेला होता. आमच्या आळीतल्या एका म्हातारीने हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मग जेसीबी आला. निळा देवमासा पुरा वाढला की सत्तर-ऐंशी फुटांच्या घरात जातो म्हणे. म्हणजे आमच्या दारात आलं होतं ते पोर होतं.

सातची_लोकल

जुहू, जानेवारी २०१६. आदल्या रात्री लागला होता, मी सकाळी फिरायला गेलो तेव्हा तुफान गर्दी. ब्रायडीज व्हेल. आधीच मेलेला, कातडी सोलपटलेली. भटकी कुत्री वासामुळे लांब उभी होती, माणसं मात्र पाठ करून सेल्फी घेत होती. मीही एक घेतला. घरी येऊन पाहिला तर मी त्यात हसत होतो. पुसून टाकला.

रापणकर

आमच्याकडे देवमासो नाय लागलो, पण कासवा वर्साक चार तरी. दोन वर्सांआधी जुलैत पुळणीर गेलंय, तर नायलॉनच्या जाळ्याचो गुंडाळो लाटेत लोळताना दिसलो. जवळ जावन बघतंय तर आत कासव, जिता. पुढचो एक पाय दोऱ्यान कापान अर्धो झाल्लो. आवशीन घरातली विळी आणून दिल्यान, त्येनी जाळा कापला.

(आता शुद्धात लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी भाषांतर मागतील.) असं जाळं कुणाचंच नसतं. फाटलं की बोटीवरून टाकून देतात आणि ते पुढे वर्षानुवर्षं एकटंच मासेमारी करत फिरतं. बहुतेक कासवं असतात ऑलिव्ह रिडले, वेळासला अंडी घालायला येतात तीच. पावसाळ्यात अधमेली होऊन वाऱ्याबरोबर किनाऱ्याला येतात. आम्ही वनखात्याला कळवलं, ते येऊन घेऊन गेले. पुढे काय झालं ते विचारलं नाही.

मच्छीमारांसाठी एक सांगतो. कासव, देवमासा, व्हेल शार्क असं संरक्षित काही जाळ्यात आलं आणि जाळं कापून सोडलं, तर २०१८ पासून आपलं राज्य सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. मात्र पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. उधाणलेल्या दर्यात एका हातात सुरी, दुसऱ्यात मोबाइल, आणि जाळ्यात बोटीएवढा व्हेल शार्क. योजना चांगली आहे, नाही म्हणत नाही.

ढोरांचा_डॉक्टर

निवृत्त पशुवैद्यक. कॉलेजात आम्हाला गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा शिकवलं. पहिल्या नेमणुकीवर शिपाई सांगत आला, "साहेब, किनाऱ्यावर मासा मेलाय, शवविच्छेदन तुम्ही करायचं." मी म्हटलं, मासा मत्स्य खात्याचा. तर म्हणे देवमासा सस्तन, म्हणून तुमचा! शास्त्र अचूक होतं, बोलायला जागा नव्हती.

जाऊन पाहतो तर अंग फुगून ढोल झालेलं. कुजताना आत वायू साठतो, म्हणून तर मेलेला देवमासा तरंगतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्याला ढकलत आपल्याकडे आणतो. दोन पोरं त्यावर चढून उड्या मारत होती. त्यांना आधी खाली उतरवलं. अशा पोटात कुणी सुरा घातला तर आतलं सगळं फवाऱ्यासारखं अंगावर येतं.

लांबी मोजायला आणलेली टेप पुरेना. शेवटी दोरी लावली आणि दोरी मोजली. माझी सुरी चरबीतच अडकून बसली, मग एका मासेवालीने स्वतःचा कोयता दिला. कातडीचा आणि चरबीचा नमुना घेतला. मरणाचं कारण? इतकं कुजल्यावर कळत नाही, तसंच लिहून दिलं.

पंचनाम्यावर सह्या चालू असताना पंचांपैकी एकाने हळूच विचारलं, "डॉक्टर, उलटी कुठे असते?" गेल्या काही वर्षांत तर हा प्रश्न हमखास येतो. तर ऐका. ही उलटी, म्हणजे ज्याला अंबर म्हणतात ते, फक्त स्पर्म व्हेलच्या जातीत, आतड्यात तयार होतं. स्पर्म व्हेलच्या खालच्या जबड्यात शंकूसारखे दात असतात. आमच्या पाहुण्याच्या तोंडात दातच नव्हते, वरून झालरीसारख्या गाळण्या लोंबत होत्या. आणि सापडलं तरी भारतात ते विकणं गुन्हा आहे, रोज कुणी ना कुणी पकडला जातो. पंच हिरमुसला.

खड्ड्याची गोष्ट राहिली. जेसीबीवाल्याला घाई होती, त्याने भरतीच्या रेषेपाशीच खणलं. मी नवखा, काही बोललो नाही. अमावास्येच्या उधाणात समुद्राने वाळू नेली आणि मासा परत वर. दुसऱ्यांदा पार वरच्या अंगाला, सुरूच्या बनाजवळ पुरला. दोन्ही वेळा हजर होतो. स्कूटरच्या सीटचा वास गणपतीपर्यंत गेला नाही, बायकोने ते कपडे धुतले नाहीत, जाळले.

ता. क. धागाकर्त्यांनो, देवमासे वन्यजीव कायद्यात येतात, त्यांची हाडंसुद्धा. तुमच्या आत्याबाईंच्या बैठकीचं वनखात्याच्या कानावर घाला.

नारळीपाक

माझा अनुभव एका ओळीचा. आम्ही 'डॉल्फिनचं पिल्लू' म्हणून रडत होतो, कोळीणमावशी म्हणाल्या, "भुलगा हाय तो, पूर्ण वाढलेला." पाठीवर पर नसतो, तोंडाला चोच नसते. लहानच असतो.

नेल्सनकर

इथे न्यूझीलंडला येऊन तेरा वर्षं झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये फेअरवेल स्पिटला पायलट व्हेल लागले, चारशेहून जास्त. रेडिओवर स्वयंसेवक हवेत असं ऐकलं आणि आम्ही दोघं बादल्या, जुन्या चादरी घेऊन निघालो. जागाच तशी आहे. वाळूची लांबलचक जीभ आकड्यासारखी वळलेली, आतलं पाणी उथळ, ओहोटीला समुद्र खूप मागे जातो. कळपातला एक आत शिरला की बाकीचे त्याला सोडत नाहीत.

किनाऱ्यावर काळ्या रांगा. निम्म्याहून अधिक मेलेले. आम्हाला शिकवलं, की ओली चादर अंगावर घाला, डोक्यावरचं श्वासाचं भोक झाकू नका, शेपटीकडे उभं राहू नका, मोठ्याने ओरडू नका. मला एक मादी मिळाली. चार तास मी तिच्यावर पाणी ओतत होते आणि मराठीत बोलत होते. "थांब गं बाई, आली भरती, आलीच." शेजारचा जर्मन पर्यटक त्याच्या व्हेलशी जर्मनमध्ये बोलत होता.

भरती आल्यावर लोकांनी कमरेएवढ्या पाण्यात हातात हात घालून साखळी केली, वाचलेले परत आत येऊ नयेत म्हणून. माझी गेली. निदान त्या वेळी गेली. काही नंतर पुन्हा लागले, त्यात ती होती का नव्हती, कशी ओळखणार?

मेलेल्यांसाठी माओरी लोकांनी प्रार्थना म्हटली. मला शब्द कळले नाहीत. आपल्याकडच्या म्हातारीचा नारळ वर वाचला तेव्हा ती आठवली.

दोनदा_भरती

२०२३ च्या दिवाळीत आम्ही गणपतीपुळ्याला होतो. देवमाशाचं पिल्लू आलं होतं. जीवरक्षक, गावकरी, वनखातं, डॉक्टर, सगळे राबले. पाणी मारलं, सलाइन लावली, पट्ट्यात घेऊन टगने ओढलं. आम्ही देवळातून येता-जाता पाहत होतो. खोल पाण्यात सोडल्याचं कळलं तेव्हा हॉटेलात टाळ्या वाजल्या, मुलीने फराळाचा डबा उघडला. ते वाचलं नाही, हे घरी परतल्यावर समजलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ती अकरा वर्षांची आहे, बहुधा तिने शोधून वाचलंही असेल आणि मला सांगितलं नसेल.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, आत्याला फोन केला. कायदा समजावून सांगितला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "येऊ दे की वनखात्याला, घेऊन जाऊ दे. फक्त त्यांना सांग, सकाळी सातच्या आत येऊ नका, मी त्यावर बसलेली असते."