प्रतिसाद: बंधाऱ्याची देखरेख बरग्यांपासून सुरू होते

बंधाऱ्याच्या कामाचा आराखडा ग्रामसभेत मंजूर झाला की गावाची देखरेख झाली, असं मत इथे मांडलं गेलं; ते पटत नाही. शून्य ते 100 हेक्टर सिंचन क्षमतेची कामं जिल्हा परिषदेकडे असतात, पण बंधारा रोज दिसतो तो गावालाच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमधल्या गाळ्यांत बसवायच्या आणि काढता येणाऱ्या लोखंडी किंवा लाकडी फळ्या, परतीचा पाऊस ओसरल्यावर बसवतात. त्याआधी ग्रामपंचायतीनं बरगे मोजून, गंजलेले आणि गळती रोखणारं रबर गेलेले वेगळे काढून पंचनामा करावा. जुन्या लाकडी बरग्यांच्या दोन रांगांमध्ये चिकणमाती नीट ठासली नाही, तर पाणी उन्हाळ्याआधीच झिरपून संपतं. जूनपूर्वी बरगे काढलेच पाहिजेत. राहिले तर तुंबलेला पूर बाजूनं वाट काढतो आणि काठची शेतजमीन कापून नेतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसात तर हे हमखास घडतं. कामाचं देयक ठेकेदाराला देण्यापूर्वी मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, मागा, टेप घेऊन जागेवर पडताळा.