रोलिंग स्टोन्सची जीभ: कालीमातेची की जॉन पॅशची?

रेघोट्या: रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडची खूण असलेली, टी-शर्टवरची ती लाल जीभ अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने काढली, ही थाप आता पुरे. वॉरहॉलची कल्पना त्यांच्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमच्या (१९७१) कव्हरवरच्या जीन्सच्या चेनची. जीभ काढली जॉन पॅशने, १९७० मध्ये. तेव्हा तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता. मोबदला ५० पौंड. पण बँडचा गायक मिक जॅगरने त्याच्यापुढे ठेवलं होतं कालीमातेचं चित्र. मग तिचं नाव कुणी का घेत नाही?

शाईचाडाग: काली म्हटलं की लगेच आपला हक्क! चित्र दाखवलं, मान्य. पण पॅशला भारतीय थाटाचं काही करायचंच नव्हतं. तेव्हा तिकडे जो तो त्याच नादात. ते लवकर जुनाट वाटेल, असं त्याचं म्हणणं. आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. कालीच्या गळ्यात मुंडमाळा, शंकराच्या छातीवर पाय आणि बंगालकडे सांगतात तशी लाजेने चावलेली जीभ. इथे ना देह, ना चेहरा. नुसते फुगीर ओठ, दात आणि चक्क वेडावून दाखवणारी जीभ. भावच उलटा.

रेघोट्या: लाजेची कथा सोयीची म्हणून उचललीत. रक्तबीजाचं रक्त जमिनीवर पडू न देता पिणारी काली विसरलात का? तिथे कसली आलीय लाज! आणि भारतीयपण मुद्दाम टाळलं, म्हणजे समोर काय होतं हे तोच सांगतोय की.

शाईचाडाग: समोर काय होतं याचा वाद नाहीच हो. कागदावर काय उतरलं ते बोला.

जुनाबाजार: भांडा तुम्ही. जुन्या टी-शर्टांवर अनेकदा पॅशची रेघ नसतेच. ‘स्टिकी फिंगर्स’च्या अमेरिकेतल्या आवृत्तीसाठी डिझायनर क्रेग ब्रॉनकडे ती जीभ नव्याने रेखाटली गेली, तेच रूप जास्त पसरलं. पॅशचं मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ९२,५०० डॉलरला घेतलं. विरलेल्या शर्टवर ‘ओरिजिनल’ म्हणून भाव चढवणाऱ्यांना हे सांगून बघा, तोंड फिरवतात.

रेघोट्या: बघा, ब्रॉनलाही श्रेय मिळालं. राहिली ती कालीच.

शाईचाडाग: आणि पॅशला? आधी ५० पौंड, मग वरून आणखी २००. टी-शर्टवर त्याचं नाव कुठे छापलेलं असेल तर दाखवा, मग देवीचं बघू.